मोठ्यानं वाचायचं नाही

"युद्ध चालू आहे. एवढं पान संपलं की तुझी वही घेतो."

चाचा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. हातात प्रॅक्टिकलची सुटी पानं होती आणि साडेपाचची एसटी चुकेल म्हणून जीव खालीवर होत होता. कुठे युद्ध चालू आहे हे मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नसणं अगदी शक्य होतं. आमच्या पिंपरी पेंढारच्या घरात तोपर्यंत वर्तमानपत्र यायचं ते किराणा मालाला गुंडाळून. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आपल्याला काय काय माहीत नाही ह्याचीच त्या वर्षी मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची. म्हणून मी हळूच विचारलं, "कुठं चाललंय चाचा?"

"पूर्वेला," मान वर न करता ते म्हणाले. "आपली माणसं नदीपाशी पोचलीत. एक-दोन दिवसांत काहीतरी होणार."

मी आणखी घाबरले. माझा थोरला भाऊ नुकताच फौजेत भरती झाला होता. मी पायरी चढून आत डोकावले. त्यांच्यासमोर लाल कापडात बांधलेला वर्तमानपत्रांचा जाडजूड गठ्ठा होता आणि उघड्या पानावर तारीख होती एकाहत्तर सालच्या डिसेंबरातली. माझ्या जन्माच्याही आधीची.

"हे तर कधीच संपलं की!"

"तुझ्यासाठी संपलं," चाचा म्हणाले. "ह्या पानावरच्या लोकांना अजून काही माहीत नाही."

त्या दिवशी माझी एसटी चुकली.

चाचांचं बायंडिंगचं दुकान जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात होतं. दुकान म्हणजे एकच खोली. मध्ये कागद दाबायचा लाकडी शिकंजा, एका बाजूला खळीचं पातेलं, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत गेलेले कागद, आणि ह्या सगळ्यात चाचांना बसायला मांडीपुरती जागा. गिऱ्हाईक पायरीवर बसायचं. त्यांचे आजोबा हाताने कागद करायचे. जुन्नरला तशी कारागीर घरं पूर्वी पुष्कळ होती म्हणतात. गिरणीचा कागद आला आणि ते काम थांबलं, मग वडील बायंडिंगकडे वळले. आजोबांचा कागद घोटायचा गुळगुळीत दगड मात्र दुकानात राहिला होता. नवीन वर्तमानपत्र हातात आलं की चाचा त्याचा कोपरा माझ्या कानाशी आणून चुरगळायचे. "ऐक. आजोबांचा कागद बोलायचा. हा नुसता कुरकुरतो."

आजोबा ओला कागद भिंतीवर चिकटवून वाळवायचे, ते चाचांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यावरून त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बातमी म्हणजे ओला कागद. भिंतीला लावावी आणि वाट बघावी. ओल्यावर बोट ठेवलं की फाटते."

हे त्यांच्यासाठी नुसतं वाक्य नव्हतं, ते खरंच तसं वागायचे. रोजचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे यायचं. ते त्याची घडी न मोडता शिकंज्याखाली ठेवून द्यायचे आणि वाचायचे जुनं. गावातल्या वाचनालयानं कधीकाळी लढायांच्या दिवसांतले अंक बांधायला दिले होते. बांधून झाले तेव्हा तिथे ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून ते चाचांकडेच राहिले. बासष्ट काळ्या कापडात, पासष्ट निळ्या, एकाहत्तर लाल. पुढे काय झालं हे ठाऊक असताना ते प्रत्येक बातमी पुन्हा वाचायचे आणि समासात शिसपेन्सिलीनं शेरा मारायचे. विमानं पाडल्याच्या मोठ्या मथळ्याशेजारी लिहिलेलं असायचं, 'दुसऱ्या दिवशी आकडा कमी केला. पान तीन, तळाला, बारीक अक्षरात.' महागाई लवकरच आटोक्यात येईल ह्या भाषणाशेजारी, 'वाट बघतोय.' शहरांत रात्री दिवे मालवण्याच्या हुकमाशेजारी, 'आमच्या बोळात वीजच नव्हती. आम्ही आपोआप देशभक्त.' केसांच्या तेलाच्या जाहिरातीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. 'तेल अजून मिळतं. केस आले नाहीत.'

चाचांना टक्कल होतं, हे सांगायचं राहिलं.

जुनी बातमी ते मोठ्यानं वाचायचे. पायरीवर कुणी बसलं की सुरू. निम्म्यावर थांबून गठ्ठा मिटायचे आणि विचारायचे, "आता सांगा, पुढं काय होणार?" एकदा ओतूरकडचे एक शेतकरी घरातली पोथी बांधून न्यायला आले होते. चाचांनी त्यांना एका बुधवारचा अंक वाचून दाखवला. बातम्या वाईट होत्या. पोथी बांधून झाली, दोरा कापला, पण ते उठेनात.

"मग, पुढं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"अवो, आपण जिंकलो हे मला ठावं हाय राव! पण ह्या बुधवारी लई वंगाळ चाललंय. आजचा दिस निभतो का न्हाई, तेवढं सांगा नि मला जाऊ द्या."

चाचांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला. ते गेल्यावर मला म्हणाले, "हा माणूस खरा वाचक. ह्याला निकाल माहीत आहे तरी घाम फुटला."

मला हे सगळं विचित्र वाटायचं, आणि आवडायचंही. कॉलेज सुटल्यावर एसटीला तास-दीड तास असायचा. मैत्रिणी स्टँडवर गप्पा मारायच्या, मला तिथे नीट बोलता यायचं नाही. चाचांच्या पायरीवर बोलावं लागत नसे. मी म्हणाले, मला ताजं वर्तमानपत्र वाचू द्याल का? त्यांनी शिकंजा सैल केला, अंक काढून दिला आणि एकच अट घातली.

"मनात वाच. मोठ्यानं वाचायचं नाही."

ह्या अटीचं कारण मला खोडदच्या फौजींकडून कळलं. फौजी पेन्शनीत निघून शेती करत होते. वर्षातून एकदा, थंडीत, ते चाचांकडे जेवायला यायचे. बोळाच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज सुरू व्हायचा, "पेपरवाले! शिजलं का माझ्या दहाव्याचं?"

ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकले. फौजींनी माझ्याकडे बघून मोठ्या खुशीत सांगितलं, "पोरी, मी मेलेला माणूस हाय. ह्यानं मला मारलाय. आख्ख्या गावादेखत."

झालं होतं ते असं. एकाहत्तरला चाचा सत्तावीस वर्षांचे होते आणि आसपासच्या गावांत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस म्हणून त्यांचं फार नाव होतं. आठवडी बाजारच्या दिवशी त्यांच्याभोवती शंभर माणूस जमायचं. त्यांनी शाळेतला नकाशा मिळवला होता आणि बातमी आली की त्यावर बाभळीचे काटे टोचायचे. फौजी तेव्हा आघाडीवर. त्यांच्या शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, 'रोज नावेतून नदी ओलांडतो.' काही दिवसांनी बातमी आली की जवानांना घेऊन जाणारी एक नाव बुडाली. चाचांनी नकाशा पाहिला, पत्र पाहिलं, काटा टोचला आणि भर बाजारात सांगितलं की ही नाव खोडदच्या पोराचीच.

"कुणीतरी म्हणलं, तार येऊ द्या," फौजी सांगत होते. "तर माझा आजा म्हणतो, एवढ्या लढाईत तार कुठली यायला? पेपरात आलंय नि हा शिकलेला माणूस सांगतोय! झालं. घरच्यांनी डोकी भादरली. मीना नदीला दहावा घातला. पिंड ठेवला, तर कावळा शिवना."

"मग?" मी विचारलं.

"समदे हात जोडून बसले. बहिणीचं लगीन करून देतो म्हणले, म्हातारीला संभाळतो म्हणले. कावळा समोरच्या बाभळीवर बसून निस्ता बघतोय. माझी एक आत्या व्हती, ती म्हणली, आरं, जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवंल कसा? तर तिलाच गप केली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावला नि जेवायला बसले."

"एका बाजूला छापील पेपर, दुसऱ्या बाजूला कावळा," चाचा खळ ढवळत म्हणाले. "आणि खरी बातमी कावळ्याकडे होती."

फौजींना कावीळ झाली होती. ते दवाखान्यात पडून होते आणि पत्रं कुठेतरी अडकली होती. दोन महिन्यांनी ट्रंक डोक्यावर घेऊन ते नारायणगावहून चालत आले, तेव्हा घरच्यांची डोकी भादरणारे नाभिकबुवाच गावाबाहेर भेटले. ते धोपटी टाकून पळाले. चाचांना कळलं तसे तेही पळाले, थेट मंचरला, फुफीकडे, म्हणजे आत्याकडे. फौजींनी त्यांना तिथे शोधून काढलं. चाचांना वाटलं, आता मार खायचा. फौजी दारात उभे राहून म्हणाले, "माझ्या दहाव्याला गाव जेवलं, मी एकटाच उपाशी ऱ्हायलो. आधी जेवायला घाल."

तेव्हापासून दरवर्षीचं ते जेवण. आणि तेव्हापासून चाचांनी ताजी बातमी कुणालाही मोठ्यानं वाचून दाखवली नव्हती. बाभळीचा काटाही पुन्हा हातात धरला नव्हता. चहावाल्यानं सकाळी "चाचा, आज काय?" म्हटलं तरी ते म्हणायचे, "अजून वाळलं नाही."

मी ही गोष्ट मैत्रिणींना सांगितली, तेव्हा कधी नव्हे ते सगळ्या माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या.

मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला आणि कारगिलची लढाई सुरू झाली.

दादाची तुकडी तिकडेच होती. पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसते आकडे. आळीत दोन घरी टीव्ही होता, पण आई तिकडे जायची नाही. टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दाखवायचे. ती म्हणायची, "पेपरात निदान चित्र हालत तरी न्हाई." कॉलेज उघडल्यावर संध्याकाळी मी घरी पोचले की ती चुलीपुढून विचारायची, "आज काय म्हणतोय पेपर?" अण्णा बाजेवर बसून ऐकायचे. मला जे आठवेल ते मी सांगायची. आपण घरात पहिल्या शिकलेल्या, म्हणून आपल्याला हे नीट सांगता आलं पाहिजे असं मला वाटायचं. सगळं कळतंय असंच मी सांगायची. खरं तर निम्मं कळत नव्हतं.

बोळात तर सगळेच सेनापती झाले होते. चहाच्या टपरीवर कुणी म्हणे, खोडदला शेतात त्या मोठ्या तबकड्या उभ्या केल्यात ना, त्या दुश्मनाचं बोलणं ऐकायलाच. फौजी त्या दिवशी बाजाराला आले होते. ते म्हणाले, "त्या माझ्या बांधाला हायती. आकाशातलं ऐकत्यात त्या. दुश्मनाचं सोडा, माझी म्हातारी एवढी वरडती ते बी त्यांना आयकू जात न्हाई."

दादाचं शेवटचं पत्र आलं होतं, त्यात त्यानं लिहिलं होतं की आमच्या तंबूवरून खाली नदी दिसते आणि वर एक बर्फाचा सुळका आहे, अगदी बैलाच्या शिंगासारखा. ते पत्र मला पाठ होतं. एका शुक्रवारी मी चाचांच्या पायरीवर वर्तमानपत्र उघडलं. पहिल्याच पानावर बातमी होती. नदीकाठच्या एका चौकीवर तोफगोळे पडले. चौकीच्या वर असलेल्या उंच सुळक्याचाही उल्लेख होता. काही जवान कामी आले. नावं समजू शकली नाहीत.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. चाचांच्या लक्षात आलं, कारण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

"काय आहे?"

अट मोडून मी ते मोठ्यानं वाचलं. मग दादाच्या पत्रातलं वाक्य सांगितलं.

चाचांनी हात पुसले. "बेटा, तुझ्या घरातून किल्ला दिसतो का?"

"दिसतो."

"माझ्याही घरातून दिसतो. फौजीच्या शेतातूनही दिसतो. उद्या कुणी लिहिलं, की घरातून किल्ला दिसतो, तर त्याला तू कुठं शोधशील? शिवनेरीखाली? का हडसर, चावंड, नारायणगड? आपल्या एका तालुक्यात एवढे. आणि तिकडचा अख्खा मुलूख नद्यांचा नि सुळक्यांचाच आहे."

मला ते पटलं, पण पटून उपयोग होत नव्हता. मी म्हणाले, आईला काय सांगू? ती विचारणारच.

तेव्हा त्यांनी लाल गठ्ठा काढला आणि एक पान उघडलं. नाव बुडाल्याची बातमी. चार ओळींची. मी समासात पाहिलं. त्या सबंध गठ्ठ्यात शेरा नसलेलं ते एकच पान होतं.

"इथं का नाही काही लिहिलं?"

"काय लिहू? बातमी खरी होती. नाव बुडालीच होती. खोटं जे होतं ते मी घातलं." गठ्ठा मिटत म्हणाले, "फौजी हसतो, म्हणून सगळे हसतात. त्याची सुपारी फुटली होती तेव्हा. मुलीच्या घरच्यांनी ऐकलं नि माघात तिचं दुसरीकडे लग्न लावून दिलं. तो आला तेव्हा ती सासरी गेलेली. ते तो कधी सांगत नाही. जे छापलंय तेवढंच वाच घरी. त्यात स्वतःचं काही घालू नकोस."

त्यांनी त्या दिवशीचा अंक घडी करून माझ्या पिशवीत घातला. शिकंज्याखालून निघून दुकानाबाहेर गेलेला तो पहिला ताजा अंक असावा.

त्या संध्याकाळी मी घरी बातमी शब्दन् शब्द वाचली. आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"नाव हाय?"

"नाही. कुणाचंच नाही."

"तुला काय वाटतंय?"

"मला काही वाटत नाही. एवढंच छापलंय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "पेपर एक सांगतोय नि तुझं तोंड दुसरंच," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. अण्णा रोज सकाळी रस्त्यावर पोस्टमनची वाट बघत उभे राहू लागले. पत्र येत नव्हतं. आठ दिवस गेले. मी चाचांना सांगितलं की मी काही घातलं नाही, तरी आईला सगळं कळलं.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या अंगणात दोन माणसं उभी होती. चाचा इस्त्रीच्या शर्टात, मी त्यांना ओळखलंच नाही आधी. शेजारी फौजी. चाचांना कुणाच्या घरी जायची सवय नसावी, ते चपला हातात घेऊनच उभे राहिले.

फौजी सरळ ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "वैनी, मी खोडदचा. मला नीट बघून घ्या. माझा दहावा झालाय."

आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. त्यांचा आजा, भादरलेली डोकी, बाभळीवरचा कावळा. धोपटी टाकून पळालेल्या नाभिकबुवांची नक्कल त्यांनी उठून करून दाखवली. अण्णा हसले. आई पदर तोंडाला लावून बसली होती, मला वाटलं रडते आहे. पण तीही हसत होती. कितीतरी दिवसांनी तिनं ताटं वाढली. पिठलं, भाकरी, कांदा. फौजींनी चार भाकरी खाल्ल्या.

मग आईनं विचारलं, "तुमचं लगीन ठरल्यालं व्हतं का तवा?"

मी आईला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं फक्त त्या वेळचं त्यांचं वय धरलं असणार.

"व्हतं," फौजी म्हणाले. "तिला घोडेगावाकडं दिली. नातवंडं हायती आता. दोन वर्षांमागं मंचरच्या बाजारात दिसली. वळखलं तिनं. म्हणली, लई उशीर केला यायला. तेवढंच."

चाचांचा हात ताटातच राहिला. बाजारातली ही भेट त्यांनाही माहीत नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानंतरच्या दोन जेवणांत फौजींनी त्यांना ते सांगितलं नव्हतं.

आई चाचांकडे बघत होती. ती रागवेल असं मला वाटलं. तिनं त्यांच्या ताटात आणखी पिठलं घातलं आणि म्हणाली, "खा भाऊ. गार हुतंय."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी कॉलेज सुटल्यावर दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते. बोळातून आई येताना दिसली. ती एकटी कधी जुन्नरला येत नसे, आली तर अण्णांच्या मागून. मी उठून उभी राहिले. तिच्या मुठीत पत्र होतं, न फोडलेलं.

"सकाळी आलं," ती म्हणाली. "पोस्टमन म्हणला वाचून दावतो. म्या म्हणलं, नगं."

मी हात पुढे केला. पत्त्यावरचं अक्षर दादाचंच होतं. पण पत्र कधी लिहिलेलं, त्या शुक्रवारच्या आधी की नंतर, ते बाहेरून कळत नव्हतं. आईनं पत्र मला दिलं नाही.

"तुझं तोंड आदी वाचतं नि मग तू वाचतीस," ती म्हणाली. आणि तिनं पत्र चाचांपुढे धरलं. "भाऊ, तुमी वाचा."

चाचा मागे सरकले. मागे जागाच नव्हती, कागद होते. "ताई, मी ताजं वाचत नाही. लेकीला द्या. शिकलेली आहे ती."

"तुमी एकदा चुकला. त्याचं भ्या अजून हाय तुमाला. म्हणून तुमीच वाचा. जे आसंल तेवढंच वाचाल."

चाचांनी बराच वेळ हात धुतले. बोटांना लागलेली खळ निघता निघत नव्हती. मग कागद कापायच्या सुरीनं त्यांनी पत्र फोडलं. त्यांचा हात स्थिर होता, कामाची सवय. त्यांनी आधी वरचा कोपरा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"मंगळवारचं आहे," ते म्हणाले. "त्या शुक्रवारच्या पुढच्या मंगळवारचं. चार दिवस नंतरचं."

मी पायरीवर बसले. आई तशीच उभी होती.

"ताई, नीट ऐका," चाचा म्हणाले. त्यांना घाम आला होता. "मंगळवारी हा पत्र लिहीत होता. म्हणजे मंगळवारी ठीक होता. आजचं मला माहीत नाही. आजचं मी सांगणार नाही."

"मंगळवार लई झाला भाऊ," आई म्हणाली. "वाचा."

तीर्थरूप आई आणि अण्णांस साष्टांग नमस्कार. चाचा वाचू लागले. मी ठीक आहे. थंडी फार आहे. बूट एक माप मोठे मिळाले आहेत, दोन मोजे घालतो. इथे कांदा मिळाला की सगळे मला विचारतात, तुझ्या गावचा का. बराखीत साठवलेला कांदा ह्या वर्षी लवकर काढू नका, भाव बघा. धाकटीला म्हणावं अभ्यास कर, आणि अण्णांनी रस्त्यावर उभं राहू नये, मला माहीत आहे ते उभे राहत असतील.

ह्या वाक्याला आईनं डोळे पुसले.

दादा दिवाळीला सुट्टीवर आला. ती चौकी त्यानं पाहिलीसुद्धा नव्हती. त्याचा सुळका निराळा, नदी निराळी. चाचांनी त्याला पासष्टच्या गठ्ठ्यातली निम्मी पानं वाचून दाखवली नि त्याच्याकडून पुढं काय होणार ते वदवून घेतलं, तो प्रत्येक वेळी चुकला. पुढे मी शिक्षिका झाले, माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली आणि जुन्नरला जाणं कमी झालं. काही वर्षांनी दुकान बंद झाल्याचंही कळलं. पण चाचा म्हटलं की मला ती पत्राची दुपारच आठवते.

पत्र संपलं तशी आई म्हणाली, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. "आजून येकदा," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी चाचांचा आवाज चढला. बाजारच्या दिवशी शंभर माणसांना पुरणारा तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. शेजारचे दुकानदार बाहेर आले, दोन बाया डोक्यावरच्या पाट्या उतरवून थांबल्या. चहावाला टपरी सोडून बोळात आला आणि सवयीनं ओरडला, "कुठल्या सालची बातमी चाचा?"

चाचांनी पत्रावरून डोळे वर केले.

"ताजी आहे," ते म्हणाले.